काळी पट्टी, छोटी गाडी आणि अज्जींचं ‘होग्ली बिडू’

२०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या हॉलमधली सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली, ती थेट डिसेंबर संपेपर्यंत. तिच्या जागी फरशीवर एक भलामोठा फ्लेक्स उलटा पसरला होता. त्याच्या सुलट बाजूला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत. उलट बाजू मात्र कोरी पांढरी, आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीनं आखलेला वळणावळणाचा रस्ता. घरी येणारा प्रत्येक पाहुणा दारातच थबकायचा आणि विचारायचा, “पाय कुठं ठेवू?”

या रस्त्यावरून एक गाडी पळवायची होती. हातभर नव्हे, वीतभर गाडी. तिला रिमोट नाही, वायर नाही, चालवणारा नाही. तिनं आपली आपण काळी पट्टी ओळखायची आणि तिच्यावरून शेवटपर्यंत जायचं. याला म्हणतात लाइन फॉलोअर रोबो. आमचे चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सला. जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. खानापूरकडचा एक मित्र आणि गोकाकहून शिकायला आलेली एक मैत्रीण, असा तिघांचा गट जमला होता. मित्र मराठी माध्यमातला, मैत्रीण कन्नड माध्यमातली, आमचा इंग्रजी माध्यमातला. भांडण तिन्ही भाषांत चालायचं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. फ्यूजची तार बदलण्यापलीकडे माझी आणि विजेची ओळख नाही. पण त्या दीड महिन्यात चहाचे कप पोचवता पोचवता मी जे ऐकलं आणि पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. त्यातलं निम्मं गाडीबद्दल आहे. निम्मं आपल्या घरांबद्दल आहे.

आधी घरचं सांगते. आमचे हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहेत. आधी बरीच वर्षं लेथवर होते, आता हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या बघतात. मुलानं पीयूसी सायन्स करावं, मग इंजिनिअर व्हावं, असं त्यांच्या मनात. एसएसएलसीला गणितात मार्क अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले आणि मुलानं आपणहून डिप्लोमाची वाट धरली. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं आटलं. म्हणजे भांडण नव्हे, पण गाडीला किक बसली नाही, वीजबिल जास्त आलं, भाजीत मीठ कमी पडलं, काहीही असो, बोलणं फिरून फिरून त्या गणिताच्या मार्कांवर यायचं. मग मुलगा ताट उचलून आत जायचा. दोघांमधला टपाल विभाग म्हणजे मी. “त्याला सांग” आणि “पप्पांना सांग”.

गाडी बघते कशी?

गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून काही मिलिमीटरवर, एका ओळीत पाच ‘डोळे’ बसवलेले होते. प्रत्येक डोळ्यात दोन भाग असतात. एक छोटा दिवा आणि त्याच्या शेजारी उजेड मोजणारा एक तुकडा. दिवा लागतो तो आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा. पांढऱ्या जमिनीवरून हे किरण परत येतात, काळी पट्टी ते पिऊन टाकते. किती उजेड परत आला यावरून गाडीला कळतं की हा डोळा पट्टीवर आहे की बाहेर. दिवा लागलाय की नाही हे बघायची युक्ती मला मुलीनं दाखवली. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरायचा. नुसत्या डोळ्यांना काळोख, पण पडद्यावर जांभळट ठिपका चमकतो. घरातला रिमोट चालतोय की सेल संपलेत, हेही असंच बघता येतं. बहुतेक फोनवर जमतं, नाही जमलं तर पुढचा कॅमेरा लावून बघा.

डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूकडे जातं. मेंदू म्हणजे अर्डुइनो नावाची निळी पाटी, पत्त्याच्या पानापेक्षा थोडीशी लहान. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावच्या एका शिक्षणसंस्थेत, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावी म्हणून ती तयार झाली. आज आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांच्या दप्तरातही ती सापडते. ती प्रत्येक डोळ्याचं म्हणणं ० ते १०२३ अशा आकड्यात वाचते. आमच्या हॉलमध्ये पांढऱ्यावर आकडा दीडशेच्या आसपास यायचा, काळ्यावर आठशेच्या आसपास. मुलांनी मधला चारशे हा आकडा पक्का केला. चारशेच्या वर म्हणजे पट्टी, खाली म्हणजे जमीन. हा चारशे लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

मेंदूनं ठरवलं तरी चाकं त्याच्या ताकदीनं फिरत नाहीत. मध्ये ड्रायव्हर नावाचा एक भाग लागतो. डावी मोटर हळू केली आणि उजवी जोरात, की गाडी डावीकडे वळते. स्टिअरिंग नाहीच. बैलजोडीतला एक बैल मागं ओढला की गाडी त्या बाजूला वळते, तसंच.

पहिल्या चुका

पहिल्या आठवड्यात गाडी हललीच नाही. मुलांनी ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी जोडली होती. मोटर सुरू झाली की अर्डुइनो बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. व्होल्ट होते, पण मोटरला लागणारा करंट ती बॅटरी देऊ शकत नव्हती. टाकी उंचावर आहे, पण नळ बारीक, असा प्रकार. बेळगावात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको! मग दोन लिथियमचे सेल एकापुढे एक जोडले, ७.४ व्होल्ट झाले. तरी मोटर मलूल. दोन दिवसांनी शोध लागला की त्यांच्या ड्रायव्हरची चिप, एल२९८, जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खाऊन टाकते. मोटरच्या वाट्याला येतात जेमतेम साडेपाच.

दुसऱ्या आठवड्यात गाडी हलली, पण सरळ पट्टीवरही डावीकडे ओढायची. तिघं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. एका रात्री मुलं गेल्यावर ह्यांनी गाडी हातात घेतली. चाकाच्या कडेशी पेन्सिल धरली आणि चाक बोटानं फिरवलं. पेन्सिल आणि चाक यांच्यातली फट कमी-जास्त होत होती. गाडी खाली ठेवून मला म्हणाले, “त्याला सांग, डावं चाक खेळतंय.”

मी सकाळी सांगितलं. मुलानं चाक काढलं, मोटरच्या दांड्यावर ते तिरकं बसलं होतं. नीट बसवल्यावर ओढणं थांबलं. “पप्पांना सांग, थँक्यू,” असं तो म्हणाला. पप्पा दोन हातांवर दाढी करत होते.

आमच्या गावाला यंत्राचं हे वेड तसं नवीन नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं. पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. सायकलचं चाक हातात धरून ‘खेळतंय’ म्हणणारी माणसं या मातीत तेव्हापासून आहेत. आपल्या पोरांच्या हातात आज अर्डुइनो आहे एवढंच. चाक सरळ नसेल तर अर्डुइनोही काही करू शकत नाही, हे मात्र बदललेलं नाही.

भाकरी, पेपर आणि पीआयडी

आता गाडी पट्टीवरून जाऊ लागली, पण कशी? झिंगलेल्या माणसासारखी. पट्टी डावीकडे दिसली की डावीकडे जोरात वळायची, तिला ओलांडून पलीकडे जायची, मग घाबरून उजवीकडे जोरात. वळणावर तर सरळ फ्लेक्सबाहेर सोफ्याखाली. सोफ्यावर बसलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अज्जी, प्रत्येक वेळी पाय वर घेऊन म्हणायच्या, “सावकाश होगपा!” सावकाश हा शब्द इकडच्या कन्नडमध्येही आहे आणि मराठीतही. त्यामुळे तिन्ही मुलांना तो एकदमच कळायचा, पण गाडीला कळत नव्हता.

यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीचा आहे. निकोलस मिनॉर्स्की हा रशियात जन्मलेला अभियंता अमेरिकेत जहाजं आपोआप दिशा कशी धरतील यावर काम करत होता. मुरलेला सुकाणूवाला चाक कसं हाताळतो, याचा त्यानं विचार केला. असा माणूस जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच पाहत नाही. आधीपासून ते किती वेळ भरकटत आलंय हेही लक्षात ठेवतो, आणि ते आता कुठल्या बाजूला, किती वेगानं सरकतंय याचाही अंदाज घेतो. १९२२ मध्ये त्यानं हे गणितात मांडलं. आज कारखान्यांमध्ये जिथं तिथं वापरतात तो ‘पीआयडी’ म्हणजे हेच.

मला हे कळलं ते स्वयंपाकघरात. मी भाकऱ्या थापत होते. अज्जी लसूण सोलत होत्या. हे टेबलाशी पेपर वाचत होते. चिरंजीव पाण्याची बाटली भरायला आले, तेव्हा अज्जींनी विचारलं, “एन माडाकत्तीरि दिनपूर्ती?” दिवसभर करताय तरी काय! आणि तो, एरवी दोन शब्दांत उत्तर देणारा, अज्जींशेजारी बसून कन्नडमध्ये सांगू लागला. मी इथं मराठीत देते.

“अज्जी, पी म्हणजे चूक जेवढी, तेवढाच उपाय. गाडी थोडी सरकली तर थोडंच वळवायचं, जास्त सरकली तर जास्त. आम्ही आधी प्रत्येक चुकीला पूर्ण ताकदीनं वळवत होतो, म्हणून ती झिंगत होती.”

“मग?”

“मग डी. गाडी आपणहून पट्टीकडे परत यायला लागली असेल, तर हात ढिला करायचा. नाहीतर ती पट्टी ओलांडून पलीकडे जाते.”

“आणि मधला?”

“आय. म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या चुकांची बेरीज. ती सारखी साठवत राहायची आणि त्याप्रमाणे वळवायचं. आम्ही तो शून्य ठेवलाय.”

“का रे?”

“वळणावर चुका साठतात ना! मग गाडी सरळ रस्त्यावर आली, नीट चालली, तरी ती जुनी बेरीज तिला ओढत राहते. काही केलं नसताना गाडी पट्टीवरून उतरते.”

अज्जींनी लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि म्हणाल्या, “हंगादर होग्ली बिडू.” असं असेल तर जाऊ दे, सोड.

माझा हात परातीत थांबला. मुलाच्या मनात दुसरं काही नव्हतं, याची मला खात्री आहे. तो गाडीबद्दलच बोलत होता. पण पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

मग पेपराआडून आवाज आला, “त्याला सांग, आमच्या भट्टीला आय लागतो.”

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “पप्पांना विचार, का?”

“भट्टीतून उष्णता सारखी बाहेर जात असते. भिंतीतून, दारातून. नुसत्या पी-वर ठेवली तर काटा कायम थोडा खालीच राहतो. ती रोजची तूट भरून काढायला मागचं लक्षात ठेवावंच लागतं.”

“बरोबर आहे. पण भट्टीचं टेंपरेचर एकदा ठरलं की तासन्‌तास तेच असतं. गाडीचा रस्ता सारखा बदलतो,” मुलगा म्हणाला. या वेळी त्यानं ‘पप्पांना सांग’ म्हटलं नाही. ह्यांनीही पेपर खाली घेतला होता. “आणि बोर्डाला सांगा, मापायच्या आधी झिरो सेट करा म्हणावं. आम्ही डायल लावला की पहिल्यांदा झिरो करतो,” ते म्हणाले.

“लेथ नाहीये हा, पप्पा,” असं म्हणून तो बाटली घेऊन हॉलमध्ये गेला. पण दोघं थेट बोलले होते. मी भाकरी तव्यावर टाकली, ती जरा करपलीच.

स्पर्धेचा दिवस

पी आणि डी चे आकडे जुळवायला दहा दिवस लागले. एक आकडा थोडा वाढवायचा, गाडी सोडायची, बघायचं, वहीत लिहायचं. बॅटरी भरलेली असताना जमलेले आकडे ती उतरली की चुकायचे, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे बॅटरीचे व्होल्टही लिहिले होते. गणितात कमी मार्क मिळवलेल्या मुलाच्या अक्षरातली ती वही मी जपून ठेवली आहे.

स्पर्धा एका मोठ्या हॉलमध्ये होती. प्रत्येक गटाला दोन संधी. मी सुट्टी टाकून गेले होते. आमची गाडी पहिली दोन वळणं झोकात गेली, तिसऱ्या वळणावर एकदम थांबल्यासारखी झाली आणि सरळ पट्टी सोडून भलतीकडे निघाली. रेफ्रींनी हात वर केला. पहिली संधी संपली.

तिघांचे चेहरे पाहवत नव्हते. खानापूरचा मित्र बॅटरीला दोष देत होता, आमचा चाक तपासत होता. मुलगी मात्र ट्रॅककडे बघत उभी राहिली. तिसऱ्या वळणावर मोठ्या खिडकीतून दुपारचं ऊन पडलं होतं. उन्हातही अवरक्त किरण असतात, भरपूर. ते थेट डोळ्यांत शिरले, आणि गाडीला काळंही पांढरं दिसू लागलं. आमच्या हॉलच्या ट्यूबलाइटखाली पक्का केलेला तो चारशे इथं निरुपयोगी होता.

“झिरो सेट,” आमचा हळूच म्हणाला.

मुलीनं प्रोग्राममध्ये ती सोय आधीच लिहून ठेवली होती. सुरुवातीला गाडीनं जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरून प्रत्येक डोळ्याचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा स्वतःच बघायचा, आणि मधली रेघ तिथल्या तिथं ठरवायची. वेळ वाया जातो म्हणून दोघा मुलांनी तो भाग बंद करून टाकला होता. तिनं एक शब्द न बोलता तो सुरू केला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण सावलीतून उन्हात गेल्यावर आकडे पुन्हा बदलणारच. डोळ्यांवर आडोसा हवा होता. मी माझी काळी ओढणी पुढे केली. “नको काकू, काळ्या कापडातून हे किरण आत येतात बऱ्याचदा. पुठ्ठा आहे?” असं तिनं विचारलं.

पर्समध्ये एक लग्नपत्रिका होती. आपल्याकडची नेहमीची, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, चांगली जाडजूड. तिची दुहेरी घडी घालून, कात्रीनं कापून, गाडीच्या पोटाभोवती परकरासारखी चिकटवली. दहा मिनिटांत हे सगळं झालं. नवरा-नवरी मला क्षमा करोत!

दुसऱ्या संधीला गाडीनं आधी मान हलवल्यासारखं डावी-उजवीकडे पाहिलं. मग निघाली. तिसऱ्या वळणावर उन्हात शिरली, जरा लडबडली, सावरली. काटकोनातलं वळण घेतलं. शेवटच्या पांढऱ्या चौकोनात जाऊन थांबली. टाळ्या वाजल्या, त्यातली एक जोरकस टाळी मागच्या दाराशी वाजली. तिथं आमचे हे उभे होते, कारखान्याच्या कपड्यांत, अर्धी रजा टाकून आलेले. पहिली फेरीही त्यांनी बघितली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

बक्षीस मिळालं नाही. आमच्यापेक्षा निम्म्या वेळात ट्रॅक पुरा करणाऱ्या गाड्या तिथं होत्या. तिघांना प्रमाणपत्रं मिळाली आणि वडा-सांबार मिळाला.

बाहेर पडताना मुलगा वडिलांसमोर गेला. मी टपालाच्या सवयीनं पुढे होणार होते, तेवढ्यात तोच बोलला, “पप्पा, तुम्ही सांगितलेलं. झिरो सेट नव्हता केला.”

एरवी इथं काय आलं असतं, ते मला पाठ आहे. ‘सांगितलेलं कधी ऐकलंयस का?’ पासून सुरुवात, आणि शेवट गणिताच्या मार्कांवर. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मुलाच्या हातातून गाडी घेतली, तिचा लग्नपत्रिकेचा परकर नीट केला आणि म्हणाले, “होग्ली बिडू.”

वाचकहो, ही काही मोठ्या यशाची गोष्ट नाही. घरी आजही वाद होतात आणि मार्कांचा विषय क्वचित डोकावतोच. पण आता तो निघाला की सोफ्यावरून अज्जी विचारतात, “आय एष्टु?” आय किती ठेवलाय? आणि सगळे हसतात. भट्टीला आय लागतो, हे आमच्या ह्यांचं म्हणणंही खोटं नाही. मागचं काही विसरायचंच नसतं अशीही कामं असतात. पण ज्याचा रस्ता अजून वळणावळणाचा आहे, त्याला जुन्या बेरजेनं ओढलं तर तो चालत असलेली पट्टीही सुटते.

सतरंजी आता जागेवर आली आहे. फ्लेक्स मात्र गुंडाळून कपाटावर ठेवलाय. पुढच्या खेपेसाठी लेथवर नवी चाकं करून द्यायचं ठरलं आहे, आणि ते माझ्यामार्फत ठरलेलं नाही.